साबणाचे चार हात

सिग्वाल्ड बिसगोर्डच्या डाव्या खिशात त्या आठवड्यात कपडे वाळत घालायचे चार चिमटे होते. लाकडी, जुने, उन्हावाऱ्यानं पांढरे पडलेले. टेबलाला साबणाचा एक हात देऊन झाला की एक चिमटा डाव्या खिशातून उजव्या खिशात जायचा. चारही उजव्यात गेले की काम संपलं. ही रीत त्याच्या बायकोनं, वाल्बोर्गनं काढलेली. तेव्हा सिग्वाल्डला बावन्नावं सरत होतं आणि आपण कॉफीत साखर घातली की नाही हे पेला तोंडाला लावल्याशिवाय त्याला कळत नसे.

त्याआधी एकतीस वर्षं तो बेटाबाहेर, पुलापलीकडच्या फर्निचरच्या कारखान्यात लॅकरच्या, म्हणजे लाकडावर मारायच्या वार्निशाच्या, खोलीत होता. खुर्च्यांचे पाय, कपाटांची दारं, टेबलांचे माथे, सगळं त्याच्यासमोरून लटकत जायचं आणि तो फवारा मारायचा. खिडक्या बंद, कारण धूळ बसली तर माल वाया. पंखा होता, हिवाळ्यात तो बंद ठेवत, कारण गरम हवा बाहेर जाते. फुफ्फुसं साफ राहावीत म्हणून दर माणशी रोज अर्धा लिटर दूध मिळायचं. मुकादम म्हणायचा, "दूध प्या, काय होत न्हाई." माणसं दूध प्यायची. संध्याकाळी सायकलवरून घरी येताना ती विनाकारण हसायची, आणि गावातल्यांना वाटायचं, ही पोरं रस्त्यात थांबून बियर मारून आली.

सिग्वाल्डचं आधी नाक गेलं. मग नावं गेली. शेजाऱ्याचं नाव, कुत्र्याचं नाव, एकदा तर पोरीचं. मग राग आला. एका रविवारी त्यानं रश्शाचा वाडगा भिंतीवर फेकला आणि लगेच फडकं घेऊन भिंत पुसत बसला, कोणी फेकला ते विचारत. डॉक्टर म्हणाला, दारू कमी करा. सिग्वाल्ड ख्रिसमसला दोन पेले घेई, तेवढंच. पुढं बऱ्याच वर्षांनी दुसऱ्या एका डॉक्टरनं लॅकरचं नाव घेतलं, कागद झाले, आणि त्याला घरी बसवलं. वाल्बोर्गनं त्यावर रडारड केली नाही. तिनं चिठ्ठ्या लिहिल्या. चुलीवर एक, दारावर एक, मिठाच्या बरणीवर एक. मोजायच्या कामांसाठी चिमटे. चिठ्ठ्यांच्या आधारानं सिग्वाल्ड पुन्हा माणसात आला, निदान वाल्बोर्ग असेपर्यंत. तिला जाऊन आता दोन हिवाळे झाले होते. चिठ्ठ्या अजून जागेवर होत्या. शाई उडाली होती, पण काय लिहिलंय हे एव्हाना त्याला पाठ झालं होतं.

टेबल ओकचं. हा ओक वाल्बोर्गच्या माहेरच्या अंगणात होता. पोरगी बोदिल गरोदर असताना जे वादळ झालं, त्यात तो मुळासकट आडवा झाला. त्याच्या फळ्या पाडून गोठ्याच्या माळ्यावर रचल्या, मधे पट्ट्या घालून. त्या वाळत पडल्या आणि बोदिलची पोर डिट्टे वाढत गेली. यंदा मे महिन्यात डिट्टेचं कन्फर्मेशन होतं, चर्चमध्ये धर्म पक्का करायचा सोहळा; चौदा वर्षांची झाली ती. सिग्वाल्डनं जानेवारीत फळ्या खाली काढल्या. काम सावकाश चाललं. एक पाय दोनदा कापला गेला म्हणून चारही पाय दोन बोटं आखूड करावे लागले. पण एप्रिल संपता संपता टेबल उभं राहिलं. अठरा माणसं बसतील एवढं. हात फिरवला तर कुठं अडत नव्हतं.

सोमवारी सकाळी जावई प्रेबेन गाडी घेऊन आला आणि लॅकरचा डबा गोठ्याच्या उंबऱ्यावर ठेवून उभा राहिला. प्रेबेन शहरातला, ऑर्हुसचा. बेटावरच्या बोलीत कोणी बोललं की तो मान किंचित तिरकी करून ऐकायचा.

"टेबल झकास झालंय," तो म्हणाला. "आता याला नीट लॅकर मारून टाकू. रविवारी त्यावर रस्सा सांडेल, वाइन सांडेल. पोरंटोरं आहेत."

"साबण लावायचा हाय," सिग्वाल्ड म्हणाला.

"साबणानं काय होतं, सिग्वाल्ड? पाणी पडलं की डाग."

"वाल्बोर्गचं टेबल चाळीस वर्सं साबणावर हाय. आत जाऊन बग."

"ते पाइनचं आहे, आणि त्यावर तुम्ही दोघंच जेवत होता." प्रेबेननं डबा बुटाच्या टोकानं पुढं ढकलला. "आणि हे पाण्यावरचं लॅकर आहे. वास येत नाही."

"मला वास कशाचाच येत न्हाई," सिग्वाल्ड म्हणाला. "नाकाला न्हाई येत. डोक्याला येतुय."

यात त्यानं वाढवून काही सांगितलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी पुतण्यानं नवं घर बांधलं, फरशीला ताजं लॅकर होतं, आणि ख्रिसमसच्या जेवणाला सगळा गोतावळा आत असताना सिग्वाल्ड बाहेर पायरीवर ओव्हरकोट घालून मांडीवर ताट घेऊन बसला होता. पहिल्या पाच मिनिटांतच त्याच्या डोक्यात खिळा ठोकल्यासारखं झालं होतं आणि त्यानं पुतण्याच्या बायकोला दोन वेळा तिचं नाव विचारलं होतं. बोदिल मधून मधून दार उघडून बटाटे आणून द्यायची. टेबलाला लॅकर लागलं तर रविवारी नातीच्या जेवणाला, आपल्याच हातच्या टेबलावर, सिग्वाल्डला बसता येणार नव्हतं. हे त्याला ठाऊक होतं आणि बोदिललाही. प्रेबेनला ते सांगितलेलं होतं. पण माहीत असलं म्हणून पटतंच असं नाही.

"असं करू," प्रेबेन म्हणाला. "मी शुक्रवारी सहाला ट्रेलर घेऊन येतो. तोवर तुमचं झालं आणि धड दिसलं, तर साबण. नाही झालं, तर शुक्रवारी रात्री मी गॅरेजमध्ये लॅकर मारतो, रविवारपर्यंत वाळेल. डबा इथेच ठेवतो."

"डबा न्हे की परत."

"जड आहे," प्रेबेन म्हणाला, आणि गेला.

सिग्वाल्डनं डब्यावर बादली पालथी घातली आणि कामाला लागला.

लिटरभर उकळतं पाणी, त्यात दोन मुठी साबणाचा कीस. लाकडी चमच्यानं घोटत राहायचं, मग ते निवत जातं तसं दाटतं, खिरीसारखं. फडक्यानं लाकडाच्या रेषेच्या अंगानं चोळायचं, थोडं पिऊ द्यायचं, उरलेलं पुसून घ्यायचं. मग वाळत सोडायचं. पाणी प्यालं की लाकडाचे केस उभे राहतात, गालावर दोन दिवसांची दाढी असावी तसे. ते बारीक काचपेपरनं हलक्या हातानं उतरवायचे आणि पुन्हा साबण. तिसऱ्या हातापासून लाकूड रेशमासारखं होत जातं, जरा पांढुरकं दिसतं. चकाकत नाही. चकाकीचं ज्याला कौतुक असेल त्यानं लॅकर लावावं.

कारखान्यातली एक सवय मात्र त्यानं सोडली नव्हती. तिथं दर मालाबरोबर त्याच लाकडाचा एक तुकडा चाले, नमुन्याची फळी. मालावर जे होईल ते आधी फळीवर. सिग्वाल्डनं टेबलाच्या उरलेल्या लाकडाची हातभर फळी घेतली, तिला साबण लावला, खिडकीत ठेवली, आणि मग टेबलाला लावला. पहिला चिमटा उजव्या खिशात गेला.

मंगळवारी काचपेपर, साबण, दुसरा चिमटा. शेजारची आस्ता कुंपणावरून डोकावली. चौऱ्याहत्तर वर्षांची, बुटकी, डोक्याला रुमाल, हातात कायम काहीतरी उपटलेलं.

"कितवा हात?"

सिग्वाल्डनं खिसा चाचपला. "दुसरा."

"जावई काय म्हनतुय?"

"लॅकर म्हनतुय."

"शहरातल्यांना सगळं गुळगुळीत लागतंय. तोंडं बग की त्यांची." आस्तानं जरा वेळ टेबल पाहिलं. "वाईट न्हाई."

बेटावर यापेक्षा मोठी शाबासकी कोणी कोणाला देत नाही. सिग्वाल्डनं मान हलवली.

बुधवारी काचपेपर संपला होता. नमुन्याच्या फळीवर शेवटचा तुकडा झिजून गेला, टेबलासाठी उरला नाही. सिग्वाल्ड टेबलापाशी उभा राहिला. डोकं दुसरीकडंच होतं. डिट्टेसाठी गाणं लिहायचं होतं, कन्फर्मेशनला घरच्या वडीलधाऱ्यानं एक गाणं लिहून छापून न्यायचंच असतं, आणि त्याला 'डिट्टे'ला जुळेल असं यमक सापडत नव्हतं. तेवढ्यात त्याचा हात भिंतीवरच्या फळीवर गेला. तिथं एका डब्यात स्टीलवूल होतं, लोखंडाच्या केसाएवढ्या बारीक तारांचा पुंजका. लॅकरच्या दोन हातांमधे एकतीस वर्षं त्यानं हेच घासलं होतं. हाताला विचारावं लागलं नाही. त्यानं अख्खं टेबल त्या पुंजक्यानं घासलं, रेषेच्या अंगानं, एकसारखा दाब ठेवून, मुकादमालाही खोड काढता आली नसती असं. मग पुसलं. मग ओला साबण चोळला. तिसरा चिमटा. गाण्याचं यमकही त्याच वेळी सुचलं, आणि तो शिटी वाजवत घरात गेला.

गुरुवारी सकाळी त्यानं गोठ्याचं दार उघडलं आणि टेबलावर कोणी शाई झटकल्यासारखं दिसलं.

निळसर काळे ठिपके. शेकडो. कुठं एकटे, कुठं झुबक्यानं, आणि एका कोपऱ्यात तळहाताएवढा सलग डाग. सिग्वाल्डनं बोटानं चोळून पाहिलं. डाग वरचा नव्हता, आतला होता. त्यानं नमुन्याची फळी उचलली. ती स्वच्छ, पांढुरकी. एकच लाकूड, एकच साबण, एकच फडकं. मग टेबलाला असं काय केलं होतं, जे फळीला केलं नव्हतं? त्याला आठवेना. त्यानं खिसे पाहिले. डाव्यात एक, उजव्यात तीन. चिमट्यांचा हिशेब बरोबर होता. चिमट्यांना हात मोजता येत होते, त्या हातांत काय होतं ते सांगता येत नव्हतं.

घरात फोन वाजला. बोदिल.

"बाबा, टेबल होतंय ना?"

"व्हतंय."

"कसं दिसतंय?"

"वाईट न्हाई," सिग्वाल्ड म्हणाला. तो साधारणपणे खोटं बोलत नसे, म्हणून बोदिलला ते पटलं. तरी ती म्हणाली, "बाबा, मी ओसरीवरची खुर्ची धुऊन ठेवलीय. शेजारी एक कांबळं. लागेलच असं नाही हं. आपली असावी म्हणून."

"बरं," सिग्वाल्ड म्हणाला.

तो गोठ्यात परत आला, बादलीवर बसला आणि उठला, कारण बादलीखाली लॅकरचा डबा होता.

आस्ता रुबार्बचे लांब लाल आंबट देठ घेऊन आली होती, रविवारच्या खिरीसाठी, पानांसकट. दारातच थांबली.

"ह्ये रं काय?"

"म्हाईत न्हाई."

"म्हाईत न्हाई म्हंजी? रातीत उगवलं व्हय?"

"आस्ता, म्या काय केलं त्येच मला आठवंना."

ती जवळ आली. टेबलाला नाक लावलं, डागावर नख फिरवलं, मग फळीवरचे डबे एकेक उघडून पाहू लागली. तिसऱ्या डब्यात स्टीलवूलचा पुंजका होता. साबणाच्या ओल्या हातानं परत टाकलेला, कडेनं तांबूस गंज चढलेला.

तिनं तो दोन बोटांत धरून मेल्या उंदरासारखा वर केला. "ह्यानं घासलंस?"

सिग्वाल्ड त्या पुंजक्याकडं पाहत राहिला. मग हाताकडं. हळूहळू बुधवार परत आला, यमकासकट. "घासलं असंल," तो म्हणाला. "व्हय. घासलं."

"ओकाला ओलं लोखंड? काळं पडनारच की. आरं, माझ्या आयनं बिडाचा तवा ओल्या ओकावर ठिवला तर आज्जीनं तिला आठ दिस बोललं न्हवतं! जलमभर लाकडात काम केलंस न् येवडं ठावं न्हाई?"

"लॅकरला चालतंय," सिग्वाल्ड म्हणाला. "लॅकर लाकडाला पानीच लागू देत न्हाई."

"मंग लॅकरच लाव," आस्ता म्हणाली, आणि त्याचा चेहरा पाहून लगेच, "चल, नगं बोलूस. चूल पेटीव. पातेलं लोखंडाचं न्हाई, चिनी मुलाम्याचं घे, टवका न उडालेलं. त्यात पुन्यांदा लोखंड नगं."

खिरीला देठ लागतात; पानं विषारी, कोणी खात नाही, खताच्या ढिगावर जातात. पण जुन्या बायका त्याच पानांनी करपलेली भांडी काढत आणि गंजाचे डाग घालवत. आस्तानं आपल्या वाफ्यातली आणि सिग्वाल्डच्या वाफ्यातली मिळून दोन कवळे पानं खुडली. ती चिरून उकळली, उकळून आटवली, पाणी गाळून घेतलं. हिरवट, चिकट. "चाखू नगंस," ती म्हणाली. "तुजा काय नेम न्हाई."

ऊन ऊन पाणी फडक्यानं टेबलावर पसरलं. दोघं दोन बाजूंनी उभी राहून पाहू लागली. पंधरा मिनिटं काहीच झालं नाही. आस्तानं खिशातून राय धान्याच्या काळ्या पावाचा तुकडा काढला, लिव्हरपेस्ट लावलेला, अर्धा त्याला दिला. तो खाऊन होईतो बारीक ठिपके तपकिरी झाले होते. मग पिवळे. मग कुठं होते ते शोधावं लागेल एवढे गेले.

"जातंय," सिग्वाल्ड म्हणाला.

"जानारच. आता गप ऱ्हा न् दुसरं पातेलं चढीव."

तीन वेळा केलं. ठिपके सगळे गेले. कोपऱ्यातला तळहाताएवढा डाग फिका झाला, ढगाच्या सावलीएवढा, पण राहिला. तिथं लाकडाची भोकं खोल होती. चौथ्यांदा करायला पानं नव्हती. दोन्ही वाफे बोडके दिसत होते.

"आता साबण?" सिग्वाल्डनं विचारलं.

"आंबटावर साबन? फाटंल की दुदासारका. आदी ताज्या पान्यानं दोनदा धू, वाळू दे. न् ते चिमटे काड बगू."

त्यानं उजव्या खिशातले तीन चिमटे काढले. आस्तानं ते त्याच्या हातून घेतले आणि आपल्या हातानं त्याच्या डाव्या खिशात टाकले.

"पुन्यांदा एकापासनं," ती म्हणाली. "तीन हात आंबटानं खाल्ले."

शुक्रवारी सकाळी आस्ताचा भाचा तालुक्याला जात होता, त्यानं नवा काचपेपर आणून दिला. सिग्वाल्डनं टेबलाचे केस उतरवले, साबण घोटला, पहिला हात दिला. एक चिमटा. सहाला दहा कमी असताना ट्रेलरचा खडखडाट ऐकू आला. टेबल अजून मधोमध ओलसर होतं.

प्रेबेननं टेबलाभोवती एक चक्कर मारली. कोपऱ्यापाशी थांबला.

"हे काय आहे?"

"डाग," सिग्वाल्ड म्हणाला.

"कशाचा?"

"माज्या हाताचा."

"आणि किती हात झाले?"

"एक."

"सोमवारपासून एक?" प्रेबेननं श्वास सोडला. तो दुष्ट माणूस नव्हता. अठरा माणसांचं जेवण, तंबूचं भाडं, डुकराचं मांस भाजणारा आचारी, सगळं त्याच्या डोक्यावर होतं, आणि त्याला एक तरी गोष्ट संपलेली हवी होती. "सिग्वाल्ड, आपलं ठरलं होतं. मी हे नेतो आणि आज लॅकर मारतो. तुमच्यासाठी आम्ही खिडक्या उघड्या ठेवू."

त्यानं बादली बाजूला केली आणि डबा उचलला.

सिग्वाल्डनं डब्याकडं पाहिलं. त्याला राग यायला हवा होता. तो कधी कधी असाच यायचा, वळवासारखा, आणि मग काहीतरी फुटायचं. या खेपेला तो आला नाही. त्याऐवजी दुसरंच काही आलं. बारा वर्षांपूर्वी, की वीस, एका डेअरीतून शंभर टेबलं परत आली होती पुन्हा लॅकर करायला. लॅकर धरेना. मुकादम रडकुंडीला आला होता. तिथल्या बायका टेबलं साबणानं धूत होत्या.

"डबा उगड," सिग्वाल्ड म्हणाला.

"काय?"

"उगड डबा. पर हितं न्हाई, भाईर अंगनात. ही फळी घे. त्येच लाकूड, तोच साबन. मार एक हात."

प्रेबेननं मान तिरकी केली. मग डबा, ब्रश आणि नमुन्याची फळी घेऊन तो अंगणात गेला. सिग्वाल्ड वाऱ्याच्या वरच्या अंगाला, कुंपणापाशी उभा राहिला. आस्ता पलीकडं रिकाम्या वाफ्यात उगाच खुरपत होती.

प्रेबेननं ब्रश ओढला. लॅकर सरळ पसरलं, क्षणभर आरशासारखं. मग त्यात भोकं पडू लागली. गोल, वाटोळी, कडा उचललेली. लॅकर मागं सरकत होतं, तापल्या तव्यावरच्या थेंबासारखं. त्यानं पुन्हा ब्रश फिरवला. पुन्हा भोकं.

"माशाचं डोळं," सिग्वाल्ड लांबून म्हणाला. "आमी तसंच म्हनायचो. आता वाळू दे."

आस्तानं कुंपणावरून कॉफी दिली, तिघांनी उभ्याउभ्या प्यायली. तासाभरानं सिग्वाल्ड म्हणाला, "नख लाव."

प्रेबेननं अंगठ्याचं नख लावलं. लॅकर दुधावरच्या सायीसारखं उचललं गेलं आणि त्याच्या बोटाला लोंबत राहिलं.

"घासून काढलं तर?" तो म्हणाला.

"साबन आत बसलेला असतुय. चार मिलिमीटर रंधून काड, मग लाव. माझा रंधा हाय तितं. रविवार उजाडंल तुला, पर कंच्या आठवड्यातला त्ये सांगता यायचं न्हाई."

कुंपणापलीकडून आस्ता खोकली. तो खोकला नव्हता.

प्रेबेननं बोटावरची साय गवताला पुसली. "म्हणजे तुम्हाला सोमवारीच माहीत होतं? एकदा साबण लागला की माझं लॅकर बसणारच नाही?"

सिग्वाल्डनं खरंच विचार केला. सोमवारी ठाऊक होतं की आत्ता आठवलं? त्याला सांगता येईना. "ठावं असंल," तो म्हणाला. "म्या विसरलो असंन."

प्रेबेननं डब्याचं झाकण मुठीनं ठोकून बसवलं. "एक बाजू धरा," तो म्हणाला. "आणि साबण घ्या बरोबर. दुसरा हात उद्या आमच्या गॅरेजमध्ये."

डबा अंगणातच राहिला. आस्तानं तो नंतर नेला आणि त्यातलं लॅकर कोंबड्यांच्या खुराड्याच्या दाराला लावलं, बाहेरून.

रविवारी चर्च झालं, झेंडा वर गेला, अठरा माणसं जेवायला बसली. टेबलाला तोवर दोनच हात झाले होते. ते कोणाला दिसलंही नसतं, कारण बोदिलनं त्यावर पांढरीशुभ्र चादर अंथरली होती, काठापासून काठापर्यंत.

आस्तानं चादर चिमटीत धरून पाहिली. "येवड्यासाठी माझी रुबार्ब बोडकी केली व्हय?"

"कन्फर्मेशनला चादर लागतेच, आस्ता," बोदिल म्हणाली.

नावांच्या चिठ्ठ्या डिट्टेनं लिहिल्या होत्या. सिग्वाल्डची चिठ्ठी कोपऱ्यावर होती. तिथंच चादरीखाली तो फिका डाग होता. ते डिट्टेला ठाऊक होतं की नाही, कोणी विचारलं नाही. तो बसला. पाच मिनिटं गेली. दहा गेली. बोदिल जेवण वाढताना तीनदा त्याच्याकडं पाहून गेली. चौथ्यांदा आली तेव्हा तो म्हणाला, "बोदिल, बटाटं."

"बाबा, तुम्ही मला बोदिल म्हणालात."

"मंग काय म्हनू?"

मांस झालं, भाषणं झाली, सिग्वाल्डचं गाणं सगळ्यांनी छापील कागद हातात धरून म्हटलं. सात कडव्यांपैकी पाचव्यात यमक जुळत नव्हतं; तिथं सगळे जरा मोठ्यानं गायले. सातव्या कडव्याला प्रेबेनच्या काकांनी पेला उंचावला आणि तांबडी वाइन त्यांच्या ताटाशेजारी सांडली.

चादर काढावीच लागली. ताटं उचलली, चादर गोळा झाली, आणि टेबल उघडं पडलं. लांबलचक, पांढुरकं, उन्हात. एका काठाला वाइनचं गुलाबी डबकं आणि कोपऱ्यात एक राखाडी ढग. मग काकांनी ओशाळून टेबलावर तळहात फिरवला, आणि फिरवतच राहिले. शेजारच्या बाईनंही फिरवला.

आस्तानं साबणाच्या पाण्याचं फडकं आणून डबकं पुसलं. फिकट गुलाबी छटा उरली.

"गेलं नाही," प्रेबेन म्हणाला.

"फुडच्या हातात जातंय," सिग्वाल्ड म्हणाला.

कॉफी चादरीशिवायच झाली. पाहुणे सातला गेले. ऊन अजून बागेत होतं. बोदिल ओसरीवर गेली. तिथं धुतलेली खुर्ची सकाळपासून तशीच होती, कांबळ्याची घडीही मोडलेली नव्हती. तिनं खुर्ची उचलून खोपीत नेऊन ठेवली, कांबळं कपाटात.

सिग्वाल्डनं पाणी उकळायला ठेवलं. प्रेबेन आतून काचपेपरची नवी गड्डी घेऊन आला आणि त्याच्यासमोर धरली.

"हे चालेल?"

सिग्वाल्डनं वरच्या कागदावरून अंगठा फिरवला. खालचाही काढून पाहिला. "कागदच हाय न्हवं?"

"कागदच."

"मंग घे की एक बाजू. रेषेच्या अंगानं. दाबू नगंस."

उन्हं उतरेपर्यंत दोघांनी टेबल घासलं. सिग्वाल्डनं साबण घोटला, चोळला, पुसला. गुलाबी छटा गेली की नाही ते ओल्या लाकडावर कळत नव्हतं. कोपऱ्यातला ढग होता तिथंच होता. त्यानं हात पुसले, तिसरा चिमटा उजव्या खिशात टाकला, आणि चौथा डाव्या खिशात आहे ना, हे एकदा चाचपून पाहिलं.